पाहुण्यांचे जहाज चुकल्याबाबत

मी, बंदर स्टँडवर 'गाईडताई' या नावाने ओळखली जाणारी, वय ४४ वर्षे, धंदा जहाजावरून येणाऱ्या पाहुण्यांच्या खासगी शहरदर्शन सहली, राहणार बंदर रस्त्यामागील कामगार वसाहत, थोरल्या भावाच्या घरी. आज रोजी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी माझ्या थोरल्या भावासह राहते. त्याला मी दादा म्हणते. वहिनी माहेरी असते. का असते ते पुढे येईल. आमची स्वतःची एक गाडी आहे. ती मीच चालवते आणि शहराची माहितीही मीच सांगते, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर नाही. मोठी जहाजे सकाळी धक्क्याला लागतात आणि संध्याकाळी सुटतात. तेवढ्या वेळात पाहुण्यांना शहर दाखवून परत शिडीपाशी सोडायचे, असे माझे काम आहे.

जहाजाच्या स्वतःच्या बसमधून गेलेल्या पाहुण्यांना उशीर झाला तर जहाज थांबते. खासगी गाडीने गेलेल्यांसाठी थांबत नाही. हे बंदरावरच्या प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. मी ते विसरले होते असे माझे म्हणणे नाही.

आज सकाळी मी एका जोडप्याला धक्क्यावरून घेतले. यातील पुरुष म्हणजे प्रस्तुत तक्रारदार. त्यांना मी या जबाबात साहेब म्हणते आणि त्यांच्या पत्नीला बाई म्हणते. दोघेही साठीच्या पुढचे आहेत. मी त्यांना त्यापूर्वी कधीही पाहिलेले नव्हते. सहल बाईंनी फोनवरून ठरवली होती. मी गाडी स्वतः चालवते हे ऐकून बाईंना आनंद झाला. साहेबांना झाला नाही.

आम्ही घंटाघर, जुना बाजार आणि संग्रहालय पाहिले. साहेब प्रत्येक ठिकाणी माझ्या पुढे चालत होते आणि मी सांगत असताना "पुढे काय आहे?" असे विचारत होते. बाई माझ्याबरोबर चालत होत्या. ऊन वाढले तेव्हा त्यांनी मला त्यांच्या छत्रीत घेतले. बाई स्वभावाने चांगल्या आहेत. याची नोंद व्हावी.

दुपारी आम्ही टेकडीवरच्या हॉटेलात जेवायला बसलो. तिथून बंदर आणि जहाज दोन्ही दिसतात. बाईंनी उकाड्यामुळे बाह्या वर केल्या, तेव्हा त्यांच्या उजव्या मनगटात सोन्याचे कडे दिसले. स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप, आणि डोळ्यांच्या जागी दोन हिरवे खडे. आमच्या घरात तसले कडे कुणीही कधी पाहिलेले नव्हते, पण ते आम्हां सगळ्यांना तोंडपाठ होते. याच ठाण्यात दादाला ते इतक्या वेळा विचारण्यात आले होते की तो झोपेतही त्याचे वर्णन करायचा.

मी विचारले, "कडं छान आहे. जुनं आहे का?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "अहो, याची एक गंमतच आहे. दहा वर्षांपूर्वी आम्ही इथेच आलो होतो, याच शहरात. संध्याकाळी धक्क्यावर बघते तर हातात कडं नाही. मी तर रडायलाच लागले. ह्यांना वाटलं ड्रायव्हरने काढलं. पोलीस काय, चौकशी काय, नुसता गोंधळ. आणि रात्री जहाजावर पिशवीतून माझी टोपी काढली तर आतून टुणकन खाली पडलं. टोपीच्या अस्तरात अडकलं होतं."

मी विचारले, "मग तुम्ही कळवलं का कुणाला?"

बाईंनी साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, "जहाज सुटलं होतं. कुणाला फोन करणार? आणि ते काही लावून धरण्यासारखं प्रकरण नव्हतं."

बाई म्हणाल्या, "मला कधी कधी वाटतं हं त्या ड्रायव्हरचं. काय झालं असेल?"

साहेब म्हणाले, "सुटला असेल. आणखी काय होणार?"

मी म्हणाले, "सुटला असेल." यानंतर मी बाईंच्या बशीत भात वाढला.

त्या वेळी काय झाले होते ते विचारल्यावरून सांगते. तेव्हा ही गाडी दादा चालवत असे आणि मी घरी असे. साहेबांच्या तक्रारीवरून दादाला या ठाण्यात तीन दिवस बसवून ठेवले. गाडीच्या सीटा फाडून पाहिल्या. घर उचकले. आईच्या उशीतला कापूस बाहेर काढला. काही सापडले नाही, म्हणून सोडून दिले. परंतु तक्रार तशीच राहिली, आणि तक्रार आहे म्हणून दादाचा बंदरात शिरायचा पास रद्द झाला तो झालाच. स्टँडवर त्याचे नाव 'हातचलाख' पडले. ज्यांनी पाडले त्यांच्यात तिथल्या गाड्यांचे नंबर लावणारे मुकादमही होते.

वहिनीने काही महिने वाट पाहिली. मग एकदा जेवताना म्हणाली, "मला तरी खरं सांगा." दादाने हात धुतले आणि बाहेर गेला. ती दुसऱ्या दिवशी माहेरी गेली. आईने शेवटच्या आजारात त्याला जवळ बोलावले आणि म्हणाली, "घेतलं असशील तर देऊन टाक रे, बाळा." त्यानंतर ती बोलली नाही. दादा आता गाड्या धुण्याच्या आवारात कामाला आहे. दुसऱ्याच्या गाडीत हात घालायचा नाही म्हणून तो फक्त बाहेरून धुतो. आतली सफाई दुसरा माणूस करतो.

मी तेव्हाच, म्हणजे टेकडीवर असतानाच, पोलिसांना का कळवले नाही असे विचारल्यावरून सांगते की, कळवले असते तर एक हवालदार आला असता, बाईंनी जे मला सांगितले तेच त्याला सांगितले असते, त्याने मान डोलावली असती आणि जहाज वेळेवर सुटले असते.

मी हात धुण्याच्या निमित्ताने बाहेर गेले आणि मुकादमांना फोन केला. मी म्हणाले, "जे जे गाडीवाले मोकळे आहेत त्यांना घेऊन धुण्याच्या आवारात या. दादाचं काम आहे." ते म्हणाले, "काय केलं त्याने?" मी फोन ठेवला.

परत येऊन मी पाहुण्यांना सांगितले की बंदराच्या वाटेवर आणखी एक जागा आहे, ती कुठल्याच सहलीत दाखवत नाहीत. साहेबांनी घड्याळ पाहिले. वेळ भरपूर होता. बाई म्हणाल्या, "चला की, बघू." दोघेही आपखुशीने गाडीत बसले. मी कुठलेही दार कुलूपबंद केले नव्हते.

आवारात मुकादम आणि सातआठ गाडीवाले उभे होते. दादा एका बसवर पाइपने पाणी मारत होता. पाहुणे उतरले. बाईंनी दादाला ओळखले नाही. दादाने बाईंना ओळखले. त्याने पाणी बंद केले, पाइप खाली ठेवला, आणि कुणी काही म्हणायच्या आधी पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. एका खिशातून रुमाल पडला. दुसरा रिकामा होता. त्याला ही सवय लागली आहे. तो कुणाच्याही घरून निघताना असे करतो.

साहेबांना तेव्हा कळले. ते मला म्हणाले, "आम्हाला ताबडतोब जहाजावर सोडा."

मी म्हणाले, "सोडते की. जवळच आहे. बाईंनी मघाशी मला जे सांगितलं ते एकदा इथे सांगावं, लगेच निघू."

साहेब म्हणाले, "ही दमदाटी आहे."

मी म्हणाले, "हो."

साहेब जवळच्या टॅक्सीवाल्याकडे गेले आणि बंदरावर चल म्हणाले. टॅक्सीवाल्याने विचारले, "येतो. पण आधी सांगा, कडं कुठे सापडलं?" त्याला बाईंच्या हातातले कडे दिसले होते. ते तिथे सगळ्यांनाच दिसले होते.

बाईंनी सांगितले. खाली पाहून, हळू आवाजात. टोपीचे सांगितले, अस्तराचे सांगितले. मुकादम म्हणाले, "मोठ्याने बोला, मागच्यांना ऐकू येत नाही." बाईंनी पुन्हा सांगितले. या खेपेला ती गंमत वाटत नव्हती. मग त्या दादासमोर गेल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं हो." त्यांनी कडे काढून त्याच्यापुढे धरले. दादा दोन पावले मागे सरला आणि हात पाठीमागे नेले. मी बाईंना सांगितले की ते पुन्हा हातात घाला, त्याला ते दाखवूसुद्धा नका. दादाचा पडलेला रुमाल मुकादमांनी उचलला आणि पिळून त्याच्या हातात दिला.

यानंतर दादा मला म्हणाला, "छोटे, जाऊ दे त्यांना. जहाज चुकेल."

मी म्हणाले, "चुकू दे."

तो म्हणाला, "किल्ली आण. मी सोडतो."

दादा गेल्या दहा वर्षांत आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसला नव्हता. मी त्याला किल्ली दिली आणि बाजूच्या सीटवर बसले. पाहुणे मागे बसले. दादाने आरसा नीट केला, सीट मागे घेतली. त्याने गाडी व्यवस्थित आणि वेगात चालवली. आम्ही बंदराच्या गेटवर वेळेत पोहोचलो. अर्धा तास हातात होता. तक्रारीत रस्त्यात मुद्दाम उशीर केला असे लिहिले आहे, ते खोटे आहे.

गेटवरच्या रखवालदाराने दादाकडे पास मागितला. दादाकडे पास नाही. माझ्याकडे आहे. दादाला वाटले होते की गेटपाशी मी चालवायला बसेन. त्याने माझ्याकडे पाहिले. मी समोर पाहत राहिले.

रखवालदार म्हणाला, "या माणसाला आत सोडता येत नाही. याच्यावर प्रवाशाची तक्रार आहे, चोरीची."

साहेब खिडकीतून डोके बाहेर काढून म्हणाले, "ती तक्रार माझी होती. ती चुकीची होती."

रखवालदार म्हणाला, "मला कसं कळणार?"

साहेब गाडीतून उतरले. मागे बसगाड्यांची रांग लागली होती. साहेब मोठ्या आवाजात म्हणाले, "हा माणूस प्रामाणिक आहे. मी सांगतो ना. याने काहीही घेतलेलं नाही. मी याची हमी देतो." रखवालदाराला नीट ऐकू आले नाही असे वाटल्यावरून मी साहेबांना पुन्हा सांगायला सांगितले. त्यांनी पुन्हा सांगितले. बसमधले लोक खिडक्यांतून पाहत होते.

रखवालदार म्हणाला, "मग हे पोलीस ठाण्यात सांगून चिठ्ठी आणा. मी लगेच सोडतो."

गेटच्या आत पायी जायला बंदी आहे आणि तिथून जहाज बरेच लांब आहे. रखवालदार ड्रायव्हर बदला म्हणाला. तेव्हा साहेब माझ्या खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "तुमच्याकडे पास आहे ना?"

मी म्हणाले, "आहे."

ते म्हणाले, "मग बसा ना तिकडे. हात जोडतो."

त्यांनी खरोखरच हात जोडले. मी ते पाहिले आणि बाजूच्या सीटवर बसून राहिले. दादाने मला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही. तो उतरला आणि बसवाल्यांना एकेक करून विचारू लागला की या दोघांना कुणी आत नेईल का. बसमध्ये दुसऱ्या जहाजाची माणसे होती, त्यांना नेता आले नाही. थोड्या वेळाने भोंगा झाला. जहाज निघताना गेटवरून नीट दिसते. बाई गाडीत बसून रडत होत्या. त्यांची औषधे जहाजावर राहिली आहेत असे त्या म्हणाल्या. ती इथल्या दुकानातून दादाने आणून दिली. मी नाही.

मला हे सगळे टाळता आले असते का, असे विचारल्यावरून सांगते की, होय. सहज.

यानंतर आम्ही चौघेही याच गाडीने या ठाण्यात आलो. साहेबांनी आधी दहा वर्षांपूर्वीची तक्रार चुकीची असल्याचे लिहून दिले आणि मग माझ्याविरुद्ध नवीन तक्रार दिली. पहिली गोष्ट त्यांनी आधी करावी असा माझा आग्रह होता. नवीन तक्रारीतला मजकूर, रस्त्यातल्या उशिराचा भाग सोडून, खरा आहे.

दादा बाहेर बाकावर बसला आहे. तो माझ्याशी बोललेला नाही. फक्त आत येताना एवढे म्हणाला की, "मी त्यांना पोचवलं असतं, छोटे. मला पोचवायचं होतं." त्याचे मला वाईट वाटते. साहेबांचे वाटत नाही. बाईंचे थोडे वाटले, पण त्यांनी दहा वर्षे ते कडे हातात घातले, त्यामुळे तेही गेले.

माझा वरील जबाब संगणकावर टंकलिखित करून मला मोठ्याने वाचून दाखविण्यात आला. त्यात माझ्या कृत्याबाबत 'रागाच्या भरात' असे शब्द आले होते. ते माझ्या सांगण्यावरून काढून त्या जागी 'पूर्ण विचार करून' असे घातले आहे. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.