हो म्हणायचं होतं

—अहो, उन्हात कशाला उभ्या राहता, या इकडे, बसा त्या स्टुलावर. मुलगी वकिलातीत गेली म्हणजे दुपार झालीच असं धरून चाला, आणि तिचा मोबाइल माझ्या कपाटात पडलाय, तेव्हा त्या दाराकडे कितीही डोळे लावून बसलात तरी निरोप काही यायचा नाही. एकुलती आहे? मग जीव टांगणीला लागणारच. आणि नवऱ्याकडे चाललीय, नाही का — कसं ओळखलं म्हणजे? त्या सगळ्या सारख्याच दिसतात हो. इस्त्रीचा ड्रेस, छातीशी फाइल, फायलीत लग्नाचे फोटो, हार घालतानाचे, जेवतानाचे, समुद्रावरचे — जसं काही लग्न झालं ते आतल्या व्हिसाच्या साहेबाला दाखवायलाच. आत फोन चालत नाही, बॅग चालत नाही, पाण्याची बाटलीसुद्धा चालत नाही, म्हणून तर माझं हे सामान ठेवायचं दुकान चालतं. काय विचारतात? साधंच विचारतात. अवघड विचारलं असतं तर बरं, माणूस तयारी करून जातो — साध्याची कुणी तयारी करतं का?

एक मुलगी गेली होती आत, तिचं सांगते. तुमच्या मुलीचं तसं काही व्हायचं नाही, मनाला लावून घेऊ नका, आपलं बसलोय तर बोलायचं. गुणाची मुलगी. दातांच्या कवळ्या बनवतात तिथे कामाला होती, हात इतका हलका की म्हाताऱ्या माणसांना कळायचंही नाही तोंडात हात कधी घातला आणि माप कधी घेतलं. नवरा वेल्डर. तिकडे जहाजं दुरुस्तीला येतात, त्या गोदीत. लग्न झालं, हळद उतरायच्या आत तो परत गेला, जाऊन तिच्यासाठी अर्ज टाकला, आणि मग नुसती वाट. आज हा दाखला, उद्या तो शिक्का, शिक्का मिळेपर्यंत पहिला दाखला जुना, की काढा पुन्हा. छातीचा फोटो, रक्त, लघवी — लग्न त्याच्याशी आणि तपासणार सरकार. संसार काय तो फोनवर. तो तिकडे शेगडीपाशी फोन टेकवून ठेवायचा आणि ही इकडून सांगायची, गॅस बारीक कर, दूध वर आलंय. त्याला दिसायचं नाही, हिला दिसायचं. हसायची मग एकटीच. घरात हसण्याचा आवाज म्हणजे तेवढाच.

शेवटी तारीख आली. नवी साडी नको म्हणाली, नेहमीचीच नेसते, खरी बायको नेहमीच्याच साडीत असते. आणि तारखेच्या आधल्या आठवड्यात फोन आला. आईला आला — त्याच्या आईला. जहाजाच्या टाकीत उतरून काम चालू होतं, आत तेलाची वाफ कोंडलेली, ठिणगी पडली. संपलं. बोलणारा माणूस नीट बोलत होता, उगीच खोटं कशाला सांगू, अगदी आदरानं बोलत होता. म्हणाला, पाठवता येईल अशी अवस्था नाही, इथेच उरकावं लागेल, पण घरचं कुणी येणार असेल तर काही दिवस थांबवतो. आता कोण जाणार? वडील आधीच गेलेले. आईकडे पासपोर्टच नाही, तिनं आयुष्यात कधी — मला एवढं कसं माहीत? अहो, सून ती माझी. हो. मुलगा माझा. असू दे, उठू नका तुम्ही, मला कुणी पाठीवर हात ठेवलेला चालत नाही.

तर त्या रात्री आम्ही दोघी स्वयंपाकघरात, जमिनीवरच. कागद करून देणाऱ्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, अर्ज करणारा माणूस गेला की अर्जही त्याच्याबरोबर गेला. मग साहेब म्हणणार, कोण तुम्ही, कुणाकडे चाललात? पण वकिलातीला अजून काही कळलेलं नव्हतं. कोण कळवणार होतं? मी तिला म्हटलं नाही हो, खोटं बोल. मी एवढंच म्हटलं की ते विचारतील तेवढंच सांग. ती म्हणाली, "आई, मी जाते. कुणीतरी त्याला बघायला हवंच." हे शब्द तिचे. माझ्या गळ्यात पडून म्हणाली. मी घातलेले नाहीत तिच्या तोंडात.

मी इथेच बसले होते, ती आत. पुढचं तिनंच सांगितलं, एकदाच. साहेब तरुण होता, भाषा येत होती त्याला, मोडकीतोडकी. ओळख कशी झाली, लग्नाला कोण कोण होतं, तो तुम्हाला काय हाक मारतो — सगळं सांगितलं. आणि एक शब्द खोटा नाही, बघा, कारण तो जिवंत आहे का असं कोण विचारतं? मग विचारलं, शेवटचं बोलणं कधी झालं. सांगितलं, त्या दिवशी सकाळी, कामावर जायच्या आधी. काय बोललात? तर त्यानं दोघांसाठी नवी खोली घेतली होती, आणि विचारत होता की खाट खिडकीखाली ठेवू का भिंतीला. ही म्हणाली, भिंतीला, खिडकीतून वारा लागेल. तो म्हणाला, मग जायच्या आधी सरकवून टाकतो. साहेब हसला. त्याचं समाधान झालं असणार, असलं कोण मनानं रचून सांगणार? कागदावर शिक्का उमटवला. उमटवला हो! आणि मग आपलं गमतीनं, फाइल मिटता मिटता विचारलं, "मग, सरकवली का खाट?"

हो म्हणायचं होतं. काय लागतं हो म्हणायला? एक अक्षर. पण ही म्हणाली, माहीत नाही. तो म्हणाला, का, विचारलं नाही त्याला नंतर? आणि ही त्या काचेसमोर उभ्या उभ्या म्हणाली, "तो गेला. त्याच दिवशी."

साहेब वाईट नव्हता. उठला, स्वतः पाण्याचा ग्लास भरून आणला, पण मधे काच, आणि खाली फट ती कागदापुरती, तिच्यातून ग्लास जाईना. तसाच ठेवला मग त्यानं त्याच्या बाजूला. शिक्का मारलेला कागद ओढून घेतला. म्हणाला, दुसरा अर्ज करा, थोड्या दिवसांसाठी जायचा, मी स्वतः लक्ष घालतो. घातलंही. मंजूरही झाला तो. पण तोवर गोदीतल्या पोरांनी सगळं आटोपलं होतं. ना आईनं तोंड बघितलं, ना बायकोनं. कुण्या फिटरनं अग्नी दिला, त्याच्या गावाचं नावही मला माहीत नाही.

लोक म्हणतात, किती सरळ मनाची सून. सरळ मनाची! ती काय कोर्टात उभी होती? शपथ घेतली होती म्हणते. आणि मला दिला तो शब्द काय होता मग? माझं पोर तिकडे थंड कपाटात पडलेलं, आपल्या माणसाची वाट बघत, आणि हिला खरेपणा सुचला. चुकलं माझं काही? नाही, तुम्ही सांगा. — सांगू नका. मी तिच्याशी बोलत नाही. एका घरात राहतो, एका शेगडीवर शिजवतो, ती बोलते, मी ऐकते, संपलं. तिच्या भावानं न्यायला येऊन पाहिलं, गेली नाही. मी तरी जा कशाला म्हणू?

आणि तुम्हाला सांगते — त्याचं सामान आवरायला जो मित्र गेला होता ना खोलीवर, त्याचा मला फोन आला होता. मीच विचारलं. म्हणाला, खाट भिंतीला होती. अंथरूणसुद्धा घातलेलं होतं, दोन उशा. मी तिला सांगितलेलं नाही. कितीदा ओठावर आलं. रात्री ती कूस बदलते, मला ऐकू येतं पलीकडून, आणि वाटतं, सांगून टाकावं, एवढंच तर आहे. पण नाही सांगितलं. का सांगू? ती बोलली ना नको ते, मग मी गिळते हवं ते.

अहो, तुम्ही रडायला काय झालं? पुसा ते डोळे, पुसा लवकर, ती येतेय — ती, रस्ता ओलांडतेय ती, हातात डबा. कामावरून आली की संध्याकाळपर्यंत तीच बसते इथे. तिच्याकडे असं बघू नका. आपण काही बोलत नव्हतो.

बाई, तिला जरा सांगा, तुमची बॅग ती निळी आहे. आणि म्हणावं, मला भूक नाही, डबा तिनं खाऊन घ्यावा. निघते मी.