पेठेतलं घर

आपल्या गावच्या पेठेत घर बघतोयस ना, मग आधी हे ऐक. मागच्या वर्षी मी आणि बायको भर पेठेतलं एक घर बघायला गेलो होतो. बाजार, शाळा, दवाखाना, सगळं चालत जाण्याइतकं जवळ. शेजारच्या दारात एक म्हातारे विणकर बसले होते. मी विचारलं, “काका, राहायला कसं हाय हितं?”

“लई चांगलं की.”

“पाणी?”

“चार-पाच दिवसांनी येतंय.”

“आणि शेजारी?”

त्यांनी गल्लीतल्या दारांची कुलपं दाखवली. “सगळी पोरं पुण्याला गेली. माझीबी.” मग माझा हात धरून म्हणाले, “तुमी घ्याच की. बोलायला कुणीतरी होईल.”

बायकोचे डोळे भरले. तरी घर आम्ही घेतलं नाही. तसं त्यांना जाऊन सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.