पहिली सर्व्हिस फुकट

...नाही, पण फुकट म्हणजे काय, हे मला आधी कुणीतरी समजावून सांगा! माझ्या समजुतीप्रमाणे फुकट म्हणजे आपण जायचं, काम करून घ्यायचं आणि खिशाला हात न लावता घरी यायचं. बरोबर ना? मग फुकटाचं बिल छापायला एवढं मोठं मशीन कशाला लागतं हो? आणि ते मशीन थांबेना... कागद येतोय, येतोय, टेबलावरून खाली लोंबायला लागला तरी येतोयच!

तुम्हाला सांगतो, तीन महिन्यांपूर्वी मी नवी मोटरसायकल घेतली. जुनी गाडी माझ्याबरोबरच म्हातारी झाली, शेवटी शेवटी तर मी तिच्यावर बसायचो कमी आणि तिला ढकलायचो जास्त. तर नवी घेतली. शोरूममध्ये काय तो थाट! किल्ली देताना फोटो काढला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पगारी टाळ्या, पण वाजवल्या. आणि तो टायवाला... गळ्यात टाय होता म्हणून मी त्याला टायवाला म्हणतो, नाव कोण विचारतं... तो अगदी कानाशी येऊन म्हणाला, "सर, पहिली सर्व्हिस फुकट आहे बरं का!" असं म्हणाला की मला वाटलं हा मला एकट्यालाच सांगतोय.

आता माझं चष्म्याचं दुकान घराच्या इतकं जवळ, की घरात कुकरची शिट्टी झाली की मला दुकानात ऐकू येते. सकाळी डबा घेऊन चालत जातो, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन चालत येतो. चालायला डॉक्टरांनीच सांगितलंय. गेल्या वर्षी मला जरा गॅस झाला होता... म्हणजे मी त्याला गॅस म्हणतो, डॉक्टर माझ्या छातीवर बोट ठेवून दुसरंच काहीतरी म्हणतात. त्या दिवशी जुनी गाडी दारात उभी, ती चालवणारा आत आडवा, आणि ही, म्हणजे आमच्या घरच्या, रस्त्याच्या मधोमध उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत होती. एक थांबेल तर शपथ! शेवटी एक टेम्पो थांबला, तोही पत्ता विचारायला. तेव्हापासून मी नुसता खोकलो तरी हिच्या हातातलं भांडं पडतं. तर डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या, रोज चालायचं आणि रागवायचं नाही. मला रागवायला बंदी आहे.

म्हणजे नवी गाडी निघणार फक्त रविवारी. बाकीचे दिवस कव्हर घालून, वरून दोरी बांधून जिन्याखाली. माझी दोरीची गाठ ठरलेली. पण संध्याकाळी बघावं तर गाठ वेगळीच! मी हिला म्हणायचो, "अगं, ही मांजरं फार माजलीत." ही म्हणायची, "हो ना." आणि आरसा! सकाळी गाडी पुसताना आरसा बरोबर माझ्या उंचीला लावून जावं, तर दुसऱ्या दिवशी तो खाली वाकलेला. मी म्हटलं, कंपनीचा आरसाच ढिला. असू दे, पहिली सर्व्हिस फुकट आहे बरं का, तेव्हा करून घेऊ!

आणि गेलो. टायवाल्यानं गाडी बघितली, मीटर बघितला, मला बघितलं. "सर, फुकट सर्व्हिसला साडेसातशे किलोमीटरच्या आत यायचं असतं. तुमची गाडी हजाराच्या पुढे गेलीय."

हजार? अहो, रविवारी मंडईत जातो मी! मंडई काय चंद्रावर आहे का? मी म्हटलं, "तुमचा मीटर पळतोय, गाडी नाही." तो म्हणाला, "मीटर ठीक आहे सर." मी म्हटलं, "माझे डोळेही ठीक आहेत, माझा धंदाच तो आहे." तेवढ्यात आतून मिस्त्री आला, हात पुसत पुसत, आणि माझ्यासमोर एक काळी पडलेली चकती धरली. नाकाशी आणली. जळका वास! म्हणाला, "क्लच प्लेट गेली, काका. महिन्यात गेली! क्लच अर्धा दाबून गाडी चालवली की असं होतं." आणि मग, तुम्हाला सांगतो, टायवाल्याकडे बघून हळूच म्हणाला, "शिकाऊ हात आहे."

शिकाऊ! मी! मिसरूड फुटायच्या आधीपासून गाडी चालवतोय मी! माझ्या हातून आजवर... बरं, एकदा एक कोंबडी, पण तिची चूक होती. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मला रागवायला बंदी आहे, म्हणून मी खुर्चीत बसून त्यांच्या मशीनमधलं पाणी पीत राहिलो. आणि इकडे बिल वाढतंय. प्लेट वेगळी, नटबोल्ट वेगळे, ऑइल वेगळं, गाडी धुतलेलं पाणीसुद्धा वेगळं लावलं असेल. आरसे घट्ट केले, ते मात्र म्हणे आमच्याकडून भेट! ते पैसे मी दोनदा मोजून दिले, आणि वर तो टायवाला हसून म्हणतो कसा, "सर, यात मजुरी धरलेली नाही बरं का, मजुरी फुकट!"

घरी आलो. हिला सगळं सांगितलं. नकला करून सांगितलं. एरवी ही हसून हसून बेजार होते, त्या दिवशी नुसती ऐकत राहिली. चहा दिला. तो संपायच्या आत दुसरा दिला! मी म्हटलं, उद्याच जातो, मालकाला भेटतो, त्या टायवाल्याचा टाय उतरवतो की नाही बघ...

"भांडायला जाऊ नका," ही म्हणाली.

"का जाऊ नको? मला शिकाऊ म्हणतो!"

"तुम्हाला नाही म्हणाला तो." आणि मग भिंतीकडे बघून, "आणि आरसे कशाला हो एवढे घट्ट केले? आता माझ्याच्यानं हलायचे नाहीत."

बघा. दुसऱ्याला दिसावं म्हणून आयुष्यभर काचा घासतो मी. आणि जिन्याखालचं मला दिसलं नाही. मी मांजरांवर आळ घेत होतो!

हिनं पर्समधून शिकाऊ परवाना काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. फोटोतसुद्धा घाबरलेली. समोरच्या पोस्टमनबाईंनी शिकवलं म्हणे, रोज दुपारी, मी दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावत होतो तेव्हा. मी म्हटलं, "अगं, शिकायचंच होतं तर मला सांगायचंस!" तर म्हणाली, "तुम्ही शिकवताना रागावता. तुम्हाला रागवायला बंदी आहे."

मी म्हटलं, चल, दाखव. मी मागे बसलो, बायकोच्या मागे, उभ्या जन्मात पहिल्यांदा! कुठं धरायचं तेही कळेना. गाडी सुटली ती अशी, की माझा चष्मा नाकावरून ओठावर. पण गेली हो! गल्लीतून, पुलावरून, सिग्नलला पाय टेकवून... अर्धा क्लच दाबून, नवी प्लेट माझ्या डोळ्यांदेखत जळत होती, वास येत होता, आणि मी मनात बिल मोजत होतो. पुलापलीकडे तळ्याचा रस्ता लागतो, वारा छान असतो तिथं. मी म्हटलं, "डावीकडे घे, जरा फिरून येऊ."

"डावीकडचा नाही येत मला," ही म्हणाली. "मला एकच रस्ता येतो."

आणि सरळ नेऊन गाडी उभी केली, कुठं? हॉस्पिटलच्या दारात. महिनाभर, रोज दुपारी, तीन-तीन फेऱ्या, घर ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते घर. मीटर काही खोटं बोलत नव्हता! आणि तिथला पहारेकरी हिला ओळखतो हो, फाटक उघडून सलाम ठोकतो. म्हणाला, "काय ताई, आज पेशंट आणला वाटतं?"

ही म्हणाली, "नाही, दाखवायला आणलेत. बरे आहेत ते."

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. गॅस झाला असेल.

मग कँटीनमध्ये चहा घेतला. आता दर रविवारी जातो आम्ही फिरायला, म्हणजे हॉस्पिटलात, कारण दुसरा रस्ता हिला येत नाही आणि शिकायची घाई तिला नाही. चहा तिथला गरम पाण्यापेक्षा जरा बरा. जाताना ती पुढे, मी मागे, आरसा तिच्या उंचीला. मंडईत मी एकटा गाडी नेली की मला मागचं काहीसुद्धा दिसत नाही, पण त्या आरशाला मी हात लावत नाही. आणि क्लचचा तो जळका वास आला, की मी मुकाट्यानं हिच्या खांद्यावर हात ठेवतो.

टायवाल्याचा फोन आला होता परवा. "सर, दुसरी सर्व्हिस पण फुकट आहे बरं का!"

मी म्हटलं, "हो का? मग एक क्लच प्लेट काढून ठेवा."