वर कोणी नाही

कपितान : पण मॅम, वर कोणी नाहीच, तर गाडी पाठवायची कोणाला आणायला?

मॅम : रुफिनो, आधी बस. तिसरीत होतास तेव्हाही उभ्या उभ्या उत्तर द्यायचास आणि चुकीचं द्यायचास.

कपितान : बसायला वेळ कुठाय? साडेबारा झाले. तीनला राजधानीतून साहेब येतायत. गाडीला पताका लावून झाल्या, फाट्यावरून मदतीची पोती आणायचीत, तिबो कधीचा इंजिन चालू करून बसलाय. गावचा कपितान झाल्यापासून मला जेवायला मिळत नाही, बसायचं काय घेऊन बसलात.

मॅम : बरं, उभ्याने बघ. फळ्यावर काय दिसतंय?

कपितान : खडूचे पट्टे.

मॅम : माझ्या वर्गाने काढलेत. ज्वालामुखीवाले रोज सकाळी पत्रक काढतात ना, काल आपल्या मायोन डोंगरावरून किती दरडी घसरल्या त्याचं? जितक्या दरडी, तितका उंच पट्टा. चाळीस दिवस मुलं काढतायत. सोमवारचा वाच.

कपितान : एकशे बारा.

मॅम : आजचा?

कपितान : आजचा... फळ्याबाहेर गेलाय.

मॅम : दोनशे सत्तर. शिवाय गरम राखेचे तीन लोट, तिन्ही आपल्या घळीच्या दिशेने. पट्टा काढणारी मुलगी म्हणाली, मॅम, फळा संपला. मी म्हटलं, भिंतीवर काढ. डोंगर काही आपला फळा बघून थांबणार नाही.

कपितान : मॅम, ती भिंत कालच रंगवून घेतली होती. साहेबांसाठी.

मॅम : साहेबांना पट्टा दाखवू. मोठी माणसं मोठे आकडे बघून खूश होतात.

कपितान : आजचा आकडा शून्य आहे, मॅम. त्यासाठीच येतायत ते. डोंगरापासून सहा किलोमीटरच्या आत माणसं शून्य, इजा शून्य, चाळीस दिवस. मानचिन्ह देणार आहेत. अख्ख्या भागात एवढा स्वच्छ शून्य फक्त आपल्या गावाचा आहे.

मॅम : हजेरी झाल्यावर मी मुलांना एक गणित घातलं. तुमच्या घरातलं आज पहाटे वर कोण गेलंय ते लिहा, आणि सगळ्यांची मिळून बेरीज करा. एकोणीस आली.

कपितान : मुलं काहीही लिहितात.

मॅम : तुझ्या सासूबाईंचं नाव लिहिलंय.

कपितान : त्या वर असूच शकत नाहीत. सकाळी सातला मी सही करून दिलीय, वर कोणी नाही म्हणून.

मॅम : हे त्यांना कळवलंस का?

कपितान : तुम्ही चेष्टा करताय. गाव खाली शाळेत हलवल्यापासून रोज रात्री आठला मी स्वतः याच खोलीत मोजणी करतो. चटया मोजतो, डोकी मोजतो. एकही कमी नसतं.

मॅम : रात्री नसतंच. पहाटे चारला सगळे उठतात, चटया गुंडाळतात, कोरड्या घळीतून वर जातात. नाक्यावरच्या पोलिसाला उकडलेली रताळी देतात आणि तो डोंगराचं सौंदर्य बघायला पाठ फिरवतो. डुकरांना खायला घालून, रोपांवरची राख झाडून संध्याकाळी परत. तुला काय वाटलं, गुंडाळलेल्या चटया दिवसभर कुठे फिरायला गेलेल्यांच्या आहेत?

कपितान : मला काही वाटलं नाही. मी रात्रीचा आकडा दिवसा वापरतो, एवढंच.

मॅम : आणि मी गप्प बसले, कारण ते गेले की मला वर्ग रिकामा मिळतो. सातला मुलं येतात, जमीन पुसतात, धडा सुरू. तुला शून्य मिळालं, मला शाळा मिळाली. चाळीस दिवस दोघांचं छान चाललं. त्यात माझीही चूक आहे, रुफिनो, ती मी मान्य करते. पण आजचा पट्टा भिंतीवर गेलाय.

कपितान : त्यांना तिथे जायचं कारणच काय? तांदूळ देतो, मासे देतो.

मॅम : डुकरांना शाळेत जागा नाही, असं पहिल्या दिवशी कोण म्हणालं?

कपितान : मी म्हणालो. वास येतो.

मॅम : मग डुकरांनी खायचं काय, हे कोणी सांगितलं?

कपितान : मासे तरी... म्हणजे डब्यातले...

मॅम : मागच्या खेपेला डब्यांच्या पोत्यांवर साहेबांचा मोठा चेहरा छापला होता. एका मुलाने विचारलं, मॅम, हे मासे हाच माणूस पकडतो का? मी म्हटलं, नाही बाळ, हा माणूस माशांबरोबर फोटो काढतो. आता मला सांग, गाडी घळीशी पोचायला किती वेळ?

कपितान : अर्धा तास. पण मॅम, माझं ऐका ना. गाडीच्या वहीत लिहावं लागतं कशाला गेली ते. 'माणसं आणायला' असं लिहिलं, की तालुक्याहून फोन. चाळीस दिवस शून्य होते, मग ही एकोणीस उगवली कुठून? डोंगरावर? पलीकडच्या गावच्या कपितानने एकदा प्रामाणिकपणे 'चार' लिहिलं होतं. अजून खुलासे देतोय बिचारा. मध्ये भेटला तर मला म्हणाला, पुढच्या वेळी देवाला खरं सांगीन, कचेरीला नाही.

मॅम : तुझ्या रोजच्या कागदावर माणसांच्या खाली जनावरांचा रकाना आहे. आहे ना? पहिले दोन आठवडे तो मीच भरत होते, तुझं अक्षर कोणाला लागत नव्हतं म्हणून.

कपितान : आहे.

मॅम : तिथे काय लिहितोस?

कपितान : वर डुकरं पस्तीस. ते खरं लिहितो. जनावरांबद्दल कोणी विचारत नाही.

मॅम : जनावरं खाली आणायला गाडी जाऊ शकते?

कपितान : जाऊ शकते. तसा हुकूमच आहे. पण आजवर कोणी पाठवली नाही.

मॅम : मग लिही. गाडी एकोणीस डुकरं आणायला गेली.

कपितान : मॅम.

मॅम : काय?

कपितान : सासूबाईंना हे कळलं तर...

मॅम : त्यांना वही दाखवू नकोस. रुफिनो, मी हे हसून बोलतेय, कारण तू हसलास की लवकर ऐकतोस. पण माझ्या वर्गातल्या अकरा मुलांच्या घरचं कोणी ना कोणी आत्ता त्या घळीत आहे. तीनला शाळा सुटेल. ती मुलं इथेच चटया अंथरून वाट बघत बसतील. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव, कारण मी शून्य सांगणार नाही.

कपितान : ...तिबो. ए तिबो, इकडे ये.

तिबो : काय कॅप? फाट्यावर निघू?

कपितान : घळीत जा. डुकरं आणायचीत. एकोणीस.

तिबो : एकोणीस? म्हणजे तुमच्या सासूबाई मानाय सिंतांग, म्हातारा मकारियो, ते सगळे ना?

कपितान : तुलाही माहीत आहे?

तिबो : सगळ्यांना माहीत आहे, कॅप. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. तुमचं मन मोडलं असतं. पताका काढू का?

कपितान : राहू दे. जा.

(साडेतीन वाजता. बाहेर राख पडते आहे. वर्गाच्या खिडक्या करड्या झाल्या आहेत.)

मॅम : आधी पाणी पी, तिबो. सगळे उतरले?

तिबो : उतरले, मॅम. एकोणीसच्या एकोणीस. मागे नळावर तोंडं धुतायत, पोरं गळ्यात पडलीत. एकला पोचलो मी, पण डुकरांशिवाय कोणी गाडीत चढेना. मी म्हटलं, हुकूम डुकरांचाच आहे, पण जागा तुमच्यापुरतीच आहे. मानाय सिंतांग म्हणाल्या, हा हुकूम माझ्या जावयाचाच असणार. मग चढल्या. शेवटी राहिला मकारियो. त्याची डुकरीण आज-उद्या व्यायची. तिच्या पोटावर हात ठेवून बसलेला, ऐकेना. चौघांनी तिला उचललं, मग तो आपसूक आला.

कपितान : आणि आवाज झाला तो?

तिबो : तेव्हा आम्ही वळणावर होतो. आरशात बघितलं तर डोंगर नव्हता. नुसती राख, उकळत खाली येत होती. मकारियोचं छप्पर होतं ना घळीच्या तोंडाशी, ते दिसलं नाही परत. पाच मिनिटांपूर्वी तिथे आम्ही डुकरीण उचलत होतो, कॅप.

मॅम : बस जरा.

तिबो : साहेब आले का?

कपितान : फाट्यापर्यंत आले. राख पडायला लागली तशी गाडीची काच वर केली. जराशा फटीतून मानचिन्ह दिलं, म्हणाले, असंच काम चालू ठेवा. फोटोत दोघांच्या तोंडाला फडकी आहेत. कोण कोणाला देतंय ते कळत नाही.

मॅम : पोती?

कपितान : उतरवली. डोळ्यांवर राख बसलीय त्या चेहऱ्याच्या. मॅम, वर्गात हा घुरघुर आवाज कसला?

मॅम : मकारियोची डुकरीण. खिडकीखाली निजलीय, रंगवलेल्या भिंतीशी.

कपितान : वहीत वीस लिहू मग?

मॅम : लिही. त्यातलं एक तरी खरं असेल.

कपितान : सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत.

तिबो : माझ्याशी बोलल्या. उरलेली चौतीस पलीकडच्या उतारावर आहेत, तिकडे लोट गेला नाही. उद्या त्यांना खायला कोण घालणार, विचारत होत्या. पहाटे चारला निघायचं चाललंय त्यांचं.

कपितान : उद्या कोणी वर जाणार नाही.

मॅम : हे तू त्यांना सांगतोयस, की कागदाला?

कपितान : त्यांना. मीच जाऊन सांगतो, नळावर. आणि डुकरांना शाळेमागच्या मैदानात कुंपण घालू. वास आला तर येऊ दे.

मॅम : आणायची कोणी?

कपितान : ज्वालामुखीवाल्यांना फोन करून विचारतो, पलीकडच्या उताराने जाता येईल का, आणि कधी. ते हो म्हणाले तरच. तिबो गाडी चालवेल, मी डुकरं चढवीन.

तिबो : चालेल. पण कॅप, वहीत काय लिहायचं? वर कोण गेलं म्हणून?

कपितान : दोन माणसं. दोघांची नावंही लिही.