डोहाळा माझा, सामान सगळ्यांचं

हॅलो?… हां, करुणाताई, बोल… येऊन राहिला आवाज… अगं न्हाई, कोनी पडलं-बिडलं न्हाई. उंचावरून खाली यायलेत ना लोकं, ते वरडून राहिलेत. तिकीट काढून वरडतेत, तू नको घाबरू.

व्हय, पार्कातच… वारंगा फाट्याला चहा घेतला आन साडेदहालाच पोचलो… व्हय, बसूनच हाय. सकाळपासून एकाच बाकड्यावर बसून हाय, ताई. लिंबाखाली… हाय ना सावली. सावली सरकते तशी मी बी सरकते. आता बाकडं संपत आलं.

तुझी यादी?… पर्समधी हाय. गरोदर बाईनं पार्कात आरामात कसं फिरावं, नंबर टाकून लिवलंस… सगळं पाळलं. पाय वर ठेवायचे, ठेवले. बॅगांच्या ढिगावर… जड उचलायचं न्हाई, उचललं न्हाई, नुसतं राखून राहिले. गर्दीत जायचं न्हाई, तर कुठंच गेले न्हाई. अर्ध्या घंट्याला पानी प्यायचं, पेले. बराबर घड्याळ लावून… तिथंच तर तकलीफ झाली ना.

तकलीफ म्हंजे… ताई, तू नर्स. एवढं पानी पेलं की पुढं काय होतंय, ते मी तुला सांगू?

हाय की. समोरच दिसून राहिलं. गुलाबी रंगाचं, वर सिमेंटचा हत्ती बसवलाय. चालत पाच मिनटं… अगं पन जाऊ कशी? सामान कोन बघंल?

कोनी न्हाई… कोनीच न्हाई म्हनते ना… जेवताना आमच्या जाऊबाई होत्या, साक्षी. तवा एकदा जाऊन आले. मग त्या बी गेल्या पान्यात. म्हनल्या, ‘तुमी आरामात बसा.’ आज हेच अकरा जनांनी म्हनलंय. ‘शीतल, तू आरामात बस’ म्हनायचं, एक बॅग ठेवायची आन जायचं.

सासूबाई?… आत्याबाईंचं तर इचारूच नको. ज्या बाईनं मला चवथ्या महिन्यापासून साखरा गावच्या घराचा उंबरा वलांडू दिला न्हाई, ती पद्माबाई त्या पिवळ्या घसरगुंडीवरून सातव्यांदा खाली येऊन राहिली… मोजून राहिले ना, मला दुसरं काम काय हाय… न्हाई, वरडत न्हाईत. हात जोडून, डोळे मिटून, तोंडातल्या तोंडात त्रिशरण म्हनत येतेत. पान्यात पडल्या की उठून परत रांगेत.

मामंजी बी… व्हय, मुंजाजीमामा. ज्यांचा धोतराचा सोगा घरात कोनी हाललेला बघितला न्हाई, तेच. इथं नायलॉनशिवाय पान्यात सोडत न्हाईत. भाड्यानं निळी अर्धी चड्डी घेतली. वर आंबे हायत… चड्डीवर. छापलेले. धोतर माझ्याजवळ हाय. टोपी बी. दात बी.

दात… कवळी गं. घसरताना पडंल म्हनून काढली, डबीत ठेवली, डबी माझ्या हातात देली. म्हनले, ‘पोरी, जपून.’ लग्नाला तीन वर्सं झाली, माझ्यावर एवढा इश्वास पहिल्यांदाच टाकला.

हे?… आमचे हे, तुझे प्रमोदराव, आन रत्नपालभावजी त्या लाटांच्या हौदात हायत. बाकी पाच शेजारचे, गाडीत जागा होती म्हनून आले… त्यांना फोन करून काय करतीस? सगळ्यांचे मोबाइल माझ्याजवळ. धपाट्यांच्या डब्यात घालून देलेत. नऊ मोबाइल. एक वाजला की डबाच थरथरतो, कोनाचा ते कळत न्हाई.

गाडीत ठेवायचं तर… लालसिंगला म्हनलं होतं, बाबा, सामान तुझ्या क्रूझरमधी राहू दे. तर त्यानंच चड्डी भाड्यानं घेतली… ड्रायव्हर असला म्हनून काय झालं, त्याला गरम होत न्हाई का. चावी माझ्याजवळ देऊन गेला.

राग?… न्हाई गं, राग न्हाई. पन ‘बस’ म्हनलं की बसवत न्हाई मानसाला. पोटातलं बी सकाळपासून एका जागी न्हाई. इकडून ढुसनी, तिकडून ढुसनी. बाहेर सगळे घसरून राहिले, ते कळत असंल का त्याला?… व्हय, हालतंय ते चांगलंच. पन मला बी हालावं वाटतंय ना.

अगं ऐक ना… ऐक आधी… मी आले कशाला होते? आत्याबाईंनी इचारलं, काय खावं वाटतंय, चिंच, कवठ, हरभऱ्याची भाजी? मी म्हनलं, खायाचं काहीच न्हाई. मोबाइलवर दावतेत त्या पार्कातल्या झुकझुक गाडीत बसावं वाटतंय. मग त्याच म्हनल्या, डोहाळा राहिला तर लेकराचा कान फुटतो… तुझ्या दवाखान्यात फुटत नसंल. आमच्या घरात कानाला लई भेतेत. म्हनून तर निघालो. आन आता डोहाळा माझा, पुरवून राहिले अकरा जन.

न्हाई ना बसले अजून… अगं, तीच एक तर चालते मला. बाकी सगळीकडं पाट्या. येताना वाचत आले. गरोदर स्त्रिया, हृदयरोगी आन मद्यपान केलेल्या व्यक्तींनी बसू नये. तिघांना एकाच वळीत बसवलंय. झुकझुक गाडीलाच पाटी न्हाई. डॉक्टरीनबाई बी ‘बसा’ म्हनल्या. बैलगाडीपेक्षा हळू जाते.

कुठं म्हंजे? माझ्या पाठीमागंच रूळ हाय. दर वीस मिनटाला शिट्टी मारत जाते. रिकामी. चालवनारा हात करतो, मी हात करते. अठरा वेळा झालं. आता वळख झाली, हरिचंद नाव हाय त्याचं.

शेवटची फेरी पाचला… आता? पावनेपाच.

उद्या कुठनं, ताई. सोमवारी तर आईकडं यायचं बाळंतपनाला. मग सव्वा महिना खोलीत. मग लेकरू पाळन्यात, मग त्याचे दात, मग त्याची शाळा. त्याला घेऊन इथं येऊ तवा गाडीत त्याला बसवतील आन मला म्हनतील, शीतल, तू आरामात बस.

रडत न्हाई. घाम हाय.

थांब जरा… काय म्हनता, खाला?… ताई, धर, बाजूच्या बाकड्यावरच्या खाला बोलून राहिल्या… हां… हां… व्हय का?…

अगं, पुसेगावच्या हायत ह्या. खतीजाबी. आपल्याच सेनगाव तालुक्यातल्या, आन सकाळपासून आमी एकमेकींकडं चोरावानी बघून राहिलो. ह्यांच्याजवळ चार बॅगा आन बिर्यानीचा रिकामा कूकर. गुडघे दुखतेत म्हनून पोरानं बसवलं. साजीद नाव त्याचं. ‘अम्मी, आराम से बैठो’ म्हनला. पुसेगावात बी तसंच म्हनतेत वाटतंय.

म्हनून राहिल्या, तू जाके आ बेटा, मैं देखती… आत्याबाईंनी बजावलंय ना, अनोळखी मानसाजवळ सामान द्यायचं न्हाई… व्हय, पन सहा बाटल्या पानी पेलंय, ते बी आता थांबत न्हाई. जाते. तू फोन नको ठेवू. खाला, ही डबी तेवढी हातातच धरा. आत आमच्या मामंजींचे दात हायत.

…

…

हां, हॅलो?… हायस का?… आले. जीवात जीव आला… पळाले न्हाई गं, भरभर चालले. तुझ्या यादीत चालायचं न्हाई असं कुठं लिवलंय… सगळं हाय. दात बी हायत. खालांनी डबी पदराला गाठ मारून ठेवली होती.

मी इचारलं त्यांना, तुमी बसल्या का गाडीत? न्हाई म्हने, सामान हाय ना… त्या म्हनतेत, तू बैठ, मैं देखती. पन मग त्या कवा बसतील? शेवटची फेरी एकच हाय. दोघींनी एकदमच बसायचं म्हनलं तर सामान…

ताई.

अगं, गाडीच हाय की ती.

गाडीत सामान नेतेत ना लोकं. आपन हिंगोलीहून निघतो तवा सामान फलाटावर ठेवून जातो का?… मग. आठ डबे हायत, आठी रिकामे.

मी उचलत न्हाई, हरिचंदला सांगते… शिट्टी आली बघ… ओ दादा, थांबा. दोघी हाव. आन हे… न्हाई, हे बी… ते खालांचं बी… व्हय, सगळं.

इचारून राहिला, ताई, बिऱ्हाड हलवून राहिल्या का… पन चढवून राहिला बिचारा. दोन डबे भरले. सगळ्यांच्या चपलांचं पोतं मागं टाकलं. कूकर खालांनी मांडीवर घेतला, डबी माझ्याजवळ.

कळवू कसं? मोबाइल डब्यात, डबा गाडीत… बाकड्यावर रुमाल टाकलाय ना, एसटीत जागा धरतेत तसा. कळंल त्यांना, येनार हाय म्हनून.

बसले, ताई… निघाली.

कशी म्हंजे… हळू. लई हळू. बाजूनं एक बदक चालून राहिलं होतं, ते पुढं गेलं… तळं आलं… वारा लागून राहिला गं. खाला तोंडाला पदर लावून हसून राहिल्या… फोन वाऱ्यात धरते, तू बी ऐक.

…

अगं बघ… म्हंजे तू कशी बघशील. तळ्याच्या पल्याड आमचं बाकडं दिसून राहिलं. आलेत सगळे. वले चिंब. अकरा जन, मधी रुमाल. हे बाकड्याखाली वाकून बघून राहिलेत. आठव्या महिन्यात मी बाकड्याखाली जाईन का, सांग… पायाखालचं सिमेंट तापलंय ना, चपला माझ्याजवळ. एकदा हा पाय, एकदा तो पाय. इथून लेझीम खेळल्यावानी दिसून राहिलं.

मामंजी चड्डीवरच. जातील कुठं, धोतर तर माझ्या मांडीवर हाय. काहीतरी म्हनून राहिलेत, पन दाताबिगर कळत न्हाई. आंबे मात्र इथून बी दिसतेत.

दुसरा फोन येऊन राहिला बघ, अनोळखी नंबर… ह्यांचाच असंल. चड्डीवाल्याचा मोबाइल मागून घेतला असंल… तुझ्याशी बोलून राहिले ना, मधीच कसा उचलू? डबा बी वाजायला लागला.

दिसलो त्यांना. आत्याबाई हात करून राहिल्या, खाली ये म्हनून. मी बी हात केला.

व्हय, उतरते. उतरायचंच हाय, झालीच की फेरी. स्टेशन आलं… एवढंसंच होतं गं…

थांब.

न्हाई, दुखत न्हाई. काही होत न्हाई. पोटात गप झालं. सकाळपासून पहिल्यांदा… व्हय, तूच सांगितलं होतं ना, आई डुलत राहिली की ते निजतंय. निजलं वाटतंय, ताई… आता उतरले की उठंल.

हरिचंददादा, आनखी एक फेरी होईल का?… शेवटची झाली, ते कळतंय मला. पन लेकरू निजलंय हो.

…

हं… निघाली. शिट्टी बी न्हाई मारली त्यानं.

आत्याबाई रुळाच्या कडेनं पळत येऊन राहिल्या… मी तोंडावर बोट ठेवलं, पोटाकडं दावलं. थांबल्या. आता त्याच मागं वळून सगळ्यांना गप करून राहिल्या, मामंजींना बी… बाकड्याकडं हात करून दावलं मी. खुनेनंच सांगितलं, आरामात बसा.

काय?… हळू बोल ना, ताई. उठंल ते. ठेवते.