पाहुण्यासाठी काढलेल्या बल्ल्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या वसाहतीतले सर्वांत ज्येष्ठ चैतरामजी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सरकारी इंजिनियर, उपयंत्री माननीय हेमराज साहेब, व्यासपीठावर विराजमान पंच मंडळी, आणि खाली सतरंजीवर बसलेल्या माझ्या मायबहिणींनो आणि बंधूंनो,

मी प्रेमलाल, वारासिवनी रोडवरचा टेंटवाला. आजवर बालाघाटातल्या कितीतरी पुढाऱ्यांच्या भाषणांना माईक लावून दिला, पण स्वतः त्यात फक्त 'हॅलो, हॅलो' एवढंच बोललो. पुढचं बोलायची वेळ आज आली. साहेबांचं मूळ गाव गोंदियाकडचं, त्यांची इच्छा की मराठीतच बोलावं. आमची पोरं हिंदीत हसतात आणि आम्ही मराठीत रागावतो, तेव्हा मधेच जीभ घसरली तर सांभाळून घ्यावं.

साहेबांनी आल्या आल्या विचारलं, समोर एवढं सामुदायिक भवन असताना बाहेर मंडप कशाला? साहेब, ते भवन आमच्या घरांसोबतच बांधलेलं आहे. ठेकेदार तोच, माल तोच. तुमच्यासारख्या पाहुण्याला आम्ही त्या छताखाली बसवावं का? आणि मंडप तुमच्या बाजूला थोडा झुकला आहे तो काही तुमच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. मंडपाच्या चार बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, कमी पडल्या. त्या कुठे आहेत ते सांगायलाच मी उभा आहे.

नव्या मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. वैनगंगेच्या पुरात आमची मातीची घरं गेली आणि सरकारने आम्हाला ही काँक्रीटची दिली. नदीवर आमचा राग होता, पण ठेकेदाराचं तिच्यावर फार प्रेम. तिची वाळू त्याने आमच्या छतात भरभरून घातली आणि सिमेंटला मात्र हात आखडता घेतला. काही वर्षांतच स्लॅबचे पापुद्रे पडायला लागले, आतल्या सळया गंजून बाहेर डोकावू लागल्या. माणसं माझ्याकडे यायची. "प्रेमलाल, दोन बल्ल्या दे ना गा, छताले टेका लावतो." मी देत गेलो. लग्नसराईत परत मागायला गेलो की बाई म्हणायची, ने ना, पण आधी आमच्या पोरांले बाहेर निजव. असं कोण नेईल?

मग सरकारचा निर्णय आला, की खराब बांधकामाची घरं सरकारी खर्चाने दुरुस्त होणार. त्याआधी पाहणी होणार आणि पाहणीला हेमराज साहेब येणार. साहेबांबद्दल एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. हा माणूस कोणाचा कपभर चहाही फुकट पीत नाही, आणि जे डोळ्यांनी दिसतं तेच लिहितो. एक अक्षर जास्त नाही, एक अक्षर कमी नाही. असा अधिकारी मिळायला भाग्य लागतं. आमचं तर एवढं मोठं भाग्य, की आमच्याने ते सोसवलं नाही.

साहेब येणार म्हटल्यावर वसाहतीत काय झालं असेल? जे लग्नाचा पाहुणा येताना होतं तेच. शेवंताबाई त्या कोपऱ्यात बसल्या आहेत, त्यांनी पहिल्यांदा सुरुवात केली. मला बोलावून म्हणाल्या, "बापू, ह्या बल्ल्या काढून टाक. एवढे मोठे साहेब घरी येऊन राह्यले, अन् त्याहिले का घरात लाकडं दाखवू?" मग भेगांमध्ये पुट्टी भरली, वरून चुन्याची पुताई केली, लोंबणाऱ्या सळईवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. एका घरी झालं म्हणजे शेजारीण मागे राहते का? सगळी वसाहत उजळून निघाली. मलाही वाईट वाटलं नाही, खरंच सांगतो. हट्टा गावात माझी एका लग्नाच्या मंडपाची ऑर्डर होती आणि सगळ्या बल्ल्या एका दिवसात घरपोच मिळाल्या.

साहेब आले. शेवंताबाईंच्या घरी खुर्चीवर बसले, वर पाहिलं, सभोवती पाहिलं आणि म्हणाले, "घर छान ठेवलं आहे हो, बाई." बाईंनी पदर सावरला. "हौ साहेब, तुमचीच कृपा." साहेबांनी लिहून घेतलं आणि आम्हीही धन्य झालो. दिवसभर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट, की साहेबांनी आमच्या घराची तारीफ केली.

रेल्वे फाटकापलीकडच्या वसाहतीत मात्र साहेबांना खुर्चीसुद्धा कोणी दिली नाही म्हणतात. एक बाई भांडी घासत होती, तिने मानही वर केली नाही. पडलेल्या पापुद्र्याकडे हात करून म्हणाली, "पाहून घ्या अन् जा." किती हा उद्धटपणा. त्या उद्धट लोकांच्या घरांची आज सरकारी खर्चाने पूर्ण दुरुस्ती झाली आहे. आमच्या घरांपुढे मात्र 'सुस्थितीत' असा शेरा पडला. चांगल्या वागणुकीचं एवढं पक्कं फळ आम्हाला याआधी मिळालं नव्हतं.

साहेब, तुम्ही हसता आहात, आम्हीही हसलो असतो. पण शेवंताबाईंची नात समीक्षा पहिल्या बाळंतपणाला आली आहे. पुढच्या महिन्यात घरात बाळ येईल. आजीने माळ्यावरचा पाळणा काढला, धुतला, आणि स्लॅबच्या कडीला अडकवून पाहिला. कडी पाळण्यासकट खाली आली. सोबत पुट्टीही आली, आणि तुमच्यासाठी केलेली पुताईही. पोर बाजूला उभी होती म्हणून वाचली. मी धावत गेलो तेव्हा म्हातारी कडी हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "म्या त साहेबाले चांगलं घर दाखवलं बापू. आता पाळणा कोठी टांगू?" टेंट हाऊसवाल्याकडे सगळ्याचा बंदोबस्त असतो. पाळण्याच्या कडीचा तेवढा नव्हता. चार बल्ल्या लावून दिल्या. मंडपातून कमी झाल्या त्या याच.

साहेब परवा शनिवारी कार्यमुक्त होऊन जबलपूरला जातील. त्यांनी केलेली पाहणी त्यांच्याच सहीने बदलता येते असं कार्यालयात कळलं. त्यांच्यानंतर नवे साहेब, नवा अर्ज, नवी पाहणी, आणि मधे एक आख्खा पावसाळा. म्हणून पंचांनी आज कार्यक्रमात थोडा बदल केला आहे. शाल आणि श्रीफळ इथेच देऊ, जेवण मात्र शेवंताबाईंच्या घरी ठेवलं आहे. पाट बल्लीला टेकूनच मांडला आहे. भेगांत काही भरलेलं नाही. तोरण फक्त दारावर आहे. आमच्या बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहुणा येणार म्हणून घर आवरलं नाही, आणि त्यांना त्याची किती लाज वाटते आहे ते मला विचारा. सकाळपासून शेवंताबाई दोनदा झाडू घेऊन उठल्या, दोनदा समीक्षाने तो हातातून काढून घेतला.

साहेब, आमचा तुमच्यावर राग नाही. तुम्ही दिसलं ते लिहिलं. एवढंच मागतो, की आज जेवता जेवता एकदा वर पाहा.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकून घेतलं, सर्वांचे मनापासून आभार. माझ्या भाषणात काही चुकलं-माकलं असेल तर आपण सर्वांनी ते पोटात घालावं. शेवंताबाईंच्या घरात जे चुकलेलं दिसेल ते मात्र, साहेब, पोटात घालू नका, लिहून घ्या.