पडद्याआड नंबर तपासताना

नवरा फोनवर बोलायला दुकानाबाहेर गेला, तशी चष्मेवाली त्याच्या बायकोला नंबर तपासायला पडद्याआड घेऊन गेली. पडद्याबाहेर बाकावर बसलेल्या शिक्षिकाबाईंना आतलं सगळं ऐकू येत होतं.

"ताई, चष्मा खाली पडला तर काचेवर ओरखडा येतो. हा चेहऱ्यावर असतानाच वाकलाय."

"मी धांदरटच आहे हो."

"हे तुम्ही म्हणता, की ते?"

"तेच म्हणतात."

"मारतात?"

"रोज नाही."

"बायकांना यातून बाहेर काढणारी एक संस्था आहे. माझ्या फोनवरून बोला."

"यांना कळलं तर? माझा फोन रोज बघतात."

"म्हणून तर माझ्यावरून. तुमच्या फोनमध्ये काही ठेवायचं नाही. पुढचं बोलायला, चष्म्याची काडी सैल झाली असं सांगून इथेच या."

"नको. नको हो."

"बरं. घाई नाही."

"...लावा."

दुकानाचं दार उघडलं.

"झालं का हिचं? एवढा वेळ?"

शिक्षिकाबाई उठून पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो भाऊ, जरा बघता का? ही फ्रेम शोभते, की ती? आमच्या घरात मेलं कुणाला काही कळत नाही."

"हीच बरी आहे."

"आणि ही काळी? थांबा हो, अजून चार घालून दाखवते."